व्हॅन्डरमार्कांचा डोह

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी ऑरिन व्हॅन्डरमार्क लेकीला, थेडाला, घेऊन आपल्या नेहमीच्या डोहाशी पोचले, तेव्हा मांडीभर पाण्यात कुणीतरी आधीच उभं होतं. काठाला अजून बर्फ होता आणि नदी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली होती.

“बाळा,” ऑरिननी हाक मारली, “तू जिथे उभा आहेस ना, नेमके तिथेच मासे राहतात!”

तो ओशाळून काठावर आला. नाव एमेट. मत्स्यकेंद्राच्या ट्रकमधून नद्यांत ट्राउट मासे सोडायचं काम, मेअखेरपर्यंत.

“म्हणजे ते टाकीतले मासे तुझे! माणसाची सावली दिसली की जेवण आलं म्हणून धावत येतात.”

“म्हणून तर इथल्या लोकांना मिळतात,” एमेट शांतपणे म्हणाला.

थेडाला हसू आवरेना. वडील तिच्याकडे बघतच राहिले.

एमेटची नजर तिच्या हातातल्या डबीवर गेली. गळावर पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेल्या, माशांना भुलवायच्या खोट्या माशा होत्या तिच्यात, राखाडी, नखाएवढ्या.

“या तुम्ही बांधल्या?”

“हो. का? जमल्या नाहीत?”

“मी मासा असतो तर...”

“तर?”

“तर फार विचार केला नसता.”

गार वाऱ्यातही तिचे कान तापले.

संध्याकाळी सूप पिताना ऑरिन म्हणाले, “पोरगा आगाऊ आहे. मला आवडला.” मग बूट शेगडीजवळ वाळत ठेवले आणि झोपायला गेले. सकाळी ते उठलेच नाहीत.

थेडाने नदीचं नाव टाकलं. गावच्या ग्रंथालयात ती कामाला होती. तिथे परतली आणि खाली मान घालून पुस्तकांवर शिक्के मारू लागली. आठवड्याने टेबलासमोर ओले बूट येऊन थांबले.

“पाणी आज बेचाळीस अंश फॅरनहाइट आहे, अजून गारच,” एमेट म्हणाला.

“पुस्तक हवंय का?”

“नाही. पाण्याची खबर द्यायला आलो.”

तो रोज यायचा. त्रेचाळीस. पंचेचाळीस. पाऊस पडला, नदी गढूळ. एकदा म्हणाला, “आज मेपलला लाल कळ्या आल्यात...” आणि उगाच टोपी फिरवत उभा राहिला. सांत्वनाचा शब्द त्याने कधी काढला नाही. चार वाजले की तिची नजर दाराकडे जायची.

महिनाअखेरीस तो आला, पण अंश सांगितले नाहीत.

“दूर मोंटानात कायमची नोकरी मिळतेय. उद्या कळवायचंय... काय कळवू?”

“चांगली नोकरी आहे,” थेडा म्हणाली.

थेडाच्या घरात मनातलं असंच आडून बाहेर पडायचं. वडील पहाटे तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून ठेवायचे. ती त्यांच्यासाठी माशा बांधायची. त्यापुढे कुणी बोललं नव्हतं.

एमेटने मान हलवली. दारापर्यंत जाऊन तो थबकला. “जायच्या आधी एक सांगतो. तुझ्या बाबांच्या डोहात अजून कुणी उतरलेलं नाही.”

“या दिवसांत? माशा उडत असताना, त्या खायला मासे वर येत असताना?”

“मी उतरत होतो, तर पुलावर बसणाऱ्या एका म्हाताऱ्याने असं झापलं मला! म्हणाला, घरचं माणूस आधी गळ टाकेल, मग आम्ही. सगळी मंडळी काठाने वळसा घालून पुढे जातात.”

थेडाला हा रिवाज ठाऊक होता. कुणी गेलं की त्यांच्या डोहाला तिनेही असा वळसा घातला होता. आपल्यासाठी कुणी तसं थांबलं असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिने शिक्का खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला ती पाण्यात उतरली. थंडी हाडांपर्यंत गेली. पलीकडच्या काठावर एमेट उभा होता, गळाची काठी न आणता. हवेत माशा तरंगत होत्या. थेडाने दोर मागे-पुढे झुलवून गळ अलगद पाण्यावर उतरवला. पाण्यावर एक बुडबुडा उठला, काठी वाकली... तिने हात ओले करून मासा धरला, गळ काढला. तळहातात तो क्षणभर स्थिर राहिला, मग निसटला. आता ती रडत होती, आवाज न करता.

“मी अजून कळवलेलं नाही,” पलीकडून एमेट ओरडला.

ती काहीतरी पुटपुटली.

“काय? पाण्यामुळे ऐकू येत नाही!”

‘काही नाही’ हे शब्द ओठांवर आलेच होते. पुलावर चार म्हातारे टोप्या काढून उभे होते. त्यांनाही ऐकू जाणार होतं. थेडाने छातीभर श्वास घेतला.

“बाबांना मी हे कधीच म्हणाले नाही, एमेट! तुला म्हणतेय... माझं प्रेम आहे तुझ्यावर. जाऊ नकोस!”