रिकोटाचे मोदक

"भाजणार? माझा रिकोटा?"

काउंटरमागच्या म्हाताऱ्याने आश्लेषाच्या हातात दिलेला मऊ चीजचा डबा चक्क परत ओढून घेतला.

आपलं काय चुकलं ते बिचारीला कळेना. 'काय करणार याचं?' असं त्याने प्रेमाने विचारलं होतं आणि तिनेही सरळ सांगून टाकलं होतं – कढईत घालणार, साखर आणि दुधाची पावडर मिसळणार आणि चांगला कोरडा होईपर्यंत परतणार. गणपती तोंडावर आले होते. पिस्कॅटवेच्या पद्मिनी काकूंनी मंडळाच्या प्रसादाचे खव्याचे मोदक तिच्या गळ्यात मारले होते आणि वर बजावलंही होतं, "खव्याच्या जागी रिकोटा चालतो, पण सुपरमार्केटचा पाणचट असतो गं. तू आपली ब्रॉन्क्सच्या इटालियन मार्केटमध्ये जा." म्हणून तर ती भल्या मोठ्या पुलावरून, ट्रकांच्या मधून, जीव मुठीत धरून ड्राइव्ह करत इथवर आली होती.

"त्याला खरं नको सांगूस," मागून कोणीतरी हळूच म्हणालं. मराठीत! "लझान्या म्हण... लझान्या."

ती गर्रकन वळली. कुरळ्या केसांचा, काखेत लांबच लांब पाव धरलेला एक मुलगा गंभीर चेहऱ्याने उभा होता. डोळे मात्र हसत होते. तो पुढे झाला आणि इंग्रजीत म्हणाला, "कार्माइन, ती गंमत करतेय. लझान्याच करणार आहे. तिच्या आजीची रेसिपी आहे."

आजीचं नाव निघताच कार्माइन विरघळला. डबा परत आलाच, शिवाय वर ताज्या मोझरेलाचा एक गोळाही आला.

"मला खोटं बोलायला लावलंस तू," काउंटरपासून लांब आल्यावर आश्लेषा म्हणाली.

"तू कुठे बोललीस? मी बोललो. पाप माझं, मोदक तुझे."

"पण मोदक करणार हे तुला कसं कळलं?"

"माझी आई सेम हेच करते, श्रूजबरीच्या घरी. तिचं इंग्रजीही अगदी तुझ्यासारखं, मराठी. दर गणपतीला मी इथून रिकोटा घेऊन जातो. कार्माइनला वाटतं, आमच्या घरी सगळे फक्त लझान्या खाऊन जगतात."

ती इतकी मोठ्याने हसली, की शेजारी ऑलिव्ह निवडणाऱ्या दोन आज्या वळून बघायला लागल्या. त्याचं नाव ऋषी. जन्म अमेरिकेतला, मराठी मात्र आईच्या धाकाने टिकलेलं. ब्रॉन्क्सच्याच एका शाळेत तो मुलांना संगीत शिकवायचा. आणि ही आपली नागपूरची, कंपनीने प्रोजेक्टवर पाठवलेली, वर्षभर घर आणि ऑफिस यापलीकडे काही न पाहिलेली.

गणपती झाल्यावर ती त्याच्यासाठी मोदक घेऊन आली. एक कार्माइनलाही दिला. ऋषीने मग सगळं कबूल करून टाकलं. कार्माइनने आपला मोदक संपवला. त्याने दुसरा मोदक उचलला, डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाला, "आजीला सांग, वाया नाही गेला माझा रिकोटा."

त्यानंतर दर शनिवारी आश्लेषाला काही ना काही संपल्याचा साक्षात्कार व्हायला लागला. कधी बेझिल, कधी पास्ता. वरणभातावर जगणाऱ्या मुलीच्या स्वयंपाकघरात ऑलिव्ह ऑइलच्या इतक्या बाटल्या साठल्या, की शेवटी ती फोडणीलाही तेच वापरायला लागली. मार्केटच्या दारातून आत शिरलं की कॉफीचा, चीजचा आणि ताज्या पावाचा वास एकदम अंगावर यायचा. छताला लोंबणाऱ्या सॉसेजखालून ती आधी नाक दाबून जायची, मग नुसतीच मान खाली घालून. पुढे पुढे तर तिला ती दिसेनाशीच झाली. तिची नजर थेट कोपऱ्यातल्या टेबलाकडे जायची. ऋषी तिथे बसलेला असायचा, दोन बोटांनी टेबलावर ठेका धरून... आणि ती दिसली की तो ठेका हमखास चुकायचा.

पण बोलेल तर शपथ! दोघं तासन्‌तास गप्पा मारायचे, त्याच्या शाळेतल्या बेसूर बॅन्डबद्दल, तिच्या खडूस मॅनेजरबद्दल. नेमक्या त्या एका विषयावर मात्र दोघांनीही मिठाची गुळणी धरलेली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

आणि मग ऑक्टोबरमध्ये त्या खडूस मॅनेजरने सांगितलं – सोमवारपासून नोव्हाय. मिशिगनमधला क्लायंट. व्हिसा कंपनीच्या हातात असलेल्या माणसाने 'नाही' कसं म्हणायचं? आश्लेषाने मान डोलावली आणि बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली. आता उरला होता एकच शनिवार. ऋषीच्या मनात काही असेल तर ते त्याच दिवशी कळायला हवं होतं. नसेल, तर तिला गुपचूप सामान बांधायचं होतं.

त्या दिवशी बाहेर पाऊस होता. ओल्या छत्र्यांची गर्दी आत दाटली होती. तिच्यापुढे कनोली होती, कुरकुरीत नळीत भरलेला गोड रिकोटा. एरवी ती मिटक्या मारत खायची. आज एक घास खाऊन तिने ती बशीत ठेवून दिली.

"नको का तुला?" ऋषीने विचारलं.

"भूक नाहीये."

त्याने हात पुढे केला, तिचा घास गेलेल्या बाजूनेच कनोली तोंडात घातली आणि शांतपणे खाऊन टाकली.

"अरे! उष्टी होती ती माझी!"

"माहितीये."

"उष्टं म्हणजे काय, कळतं का तुला?"

"आश्लेषा, मी श्रूजबरीत वाढलोय, मंगळावर नाही." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "माझी आई कोणाचंच उष्टं खात नाही. अगदी माझंसुद्धा. फक्त बाबांचं खाते... सो, मी नीट विचार करून खाल्लं."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मी सोमवारी नोव्हायला चाललेय, ऋषी. प्रोजेक्ट संपेपर्यंत. कधी संपेल, माहीत नाही."

त्याची बोटं टेबलावर थांबली.

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"तू तरी कुठे काही बोलत होतास!"

"घाबरत होतो, यार!" तो एवढ्या जोरात म्हणाला, की कार्माइनने काउंटरवरून मान वर केली. ऋषीने आवाज खाली आणला. "आय लव्ह यू. शाळेला सुट्टी मिळाली की मी नोव्हायला येईन. बर्फ असो, काही असो. तू फक्त सांग... येऊ?"

आश्लेषाने डोळे पुसले, पर्समधून कॉलिंग कार्ड काढलं आणि मोबाइलवर तो लांबलचक नंबर दाबायला लागली. ऋषी बघतच राहिला. आपण आयुष्यात पहिल्यांदा एवढं धाडस करावं आणि समोरच्या मुलीने फोन लावावा! त्याचा चेहरा पार उतरला.

"हॅलो, आई? झोपली नाहीस ना?"

"नाही गं. कुठून बोलून राहिली? केवढा गलका! लग्नघरात आहेस का?"

"मार्केटमध्ये आहे."

"एकटीच?"

आजवर दर शनिवारी या प्रश्नाला ती 'हो' म्हणत आली होती. तिने ऋषीकडे पाहिलं. त्याच्या ओठाला पिठीसाखर लागली होती आणि तो श्वास रोखून ऐकत होता.

"नाही, आई. ऋषी आहे बरोबर. मला तो फार आवडतो... आणि मी त्याच्याशी लग्न करावं म्हणते. त्याला अजून सांगितलं नाहीये. म्हटलं, आधी तुला सांगावं."

ऋषीने टेबलाची कड घट्ट पकडली. मग फोनमधून एक मोठा सुस्कारा ऐकू आला.

"दे त्याला."

आश्लेषाने फोन पुढे केला. ऋषीने घाईघाईने हात पॅन्टला पुसले, तोंड पुसलं आणि जणू काकू समोरच उभ्या असाव्यात तसा तो खुर्चीतून उठून ताठ उभा राहिला.

"नमस्कार, काकू. मी ऋषी."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं.

"हो, काकू," तो आश्लेषाकडे बघत म्हणाला, "आत्ताच जेवलो."