तीन चाकांची फुगडी

"त्या डब्याला काय कळतंय, मॅडम? कान लावा, कान!"

काशिनाथचं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. गोव्यात मुळगावच्या खाणीवर मी नवीकोरी इंजिनीअर, हातात यंत्राची थरथर मोजायचं मीटर. आणि हा कोल्हापूरचा फिटर! लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवर टेकवलेलं, मूठ कानाशी, डोळे मिटलेले. मला असा राग आला... आणि त्या रागातही दिसलंच की मेल्याच्या पापण्या फार लांब आहेत.

"डबा खोटं बोलत नाही," मी ठणकावलं.

"आन् मानसं बोलत्यात व्हय?" एक डोळा उघडून तो हसला.

महिनाभर हेच चाललं. खनिजाचा पट्टा ओढणारा तो गिअरबॉक्स दुरुस्त करायला ठेकेदाराने त्याला पाठवलं होतं. तो ऐकायचा, मी मोजायची, आणि दोघांचं उत्तर दरवेळी जुळायचं. आतल्या चाकाच्या एका दाताचा टवका उडालाय हे तर त्याने माझं मीटर पिशवीतून निघायच्या आधीच सांगितलं होतं.

गोव्याचं राज्य होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. "कोकणी सरकारी झाली म्हनं," तो म्हणायचा, "मलाबी शिकवा की." मी रोज एक शब्द शिकवायची; पहिला 'हांव', म्हणजे मी. घरून, लाटंबार्सेहून येताना डब्यात दोन उंडे पाव जास्त आणायची. आई विचारायची, "इतले कोणाक गो?" मी म्हणायची, "भूक लागते."

शुक्रवारी दुरुस्ती संपली आणि पट्टा फिरू लागला. आता मी 'बरं आहे' लिहून सही केली, की शनिवारच्या बसने काशिनाथ कोल्हापूरला. खरं सांगते, पेन उचलवेना.

तरी शाफ्टवर खडूची खूण केली, मीटर लावलं. दर फेऱ्याला काटा तीनदा चढला, तीनदा उतरला... अगदी सारखा.

इतक्यात काशिनाथने कानाचा स्क्रू-ड्रायव्हर काढला. "बिघाड हाय. दर फेऱ्याला आवाज तीनदा चढतोय. खोलाय लागंल. आठ दिस तरी."

मॅनेजर दत्ताराम बाबनी कपाळाला हात लावला. "आठ दीस पट्टो बंद? सुमंगला, तू सांग. खोलूं काय नाका?"

एक शब्द फक्त. 'खोला' म्हटलं, की आठ दिवस हा इथेच! शब्द अगदी जिभेवर आला होता हो... पण माझं पहिलं काम, माझी पहिली सही. खोटी कशी करू?

"नाका, खोलायची गरज नाही," मी म्हटलं. "आत मधल्या चाकाभोवती तीन चाकं पोरींसारखी फुगडी घालतात. आपण मीटर घेऊन दाराशी उभे. जी पोर दारासमोर येते, तिचा आवाज मोठा लागतो. चाकं तीन, म्हणून चढही तीन, आणि तिन्ही सारखे. एकीचा जरी वेगळा असता, तरी मीच खोलायला लावलं असतं."

सही ठोकली. दत्ताराम बाब खुशीत निघून गेले. काशिनाथ मात्र खाली मान घालून तोच पाना पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. बाहेरून टवका ओळखणारा हा कान... आणि साधी फुगडी ओळखणार नाही?

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं. तुम्ही-बिम्ही कुठल्या कुठे गेलं.

"...व्हतं."

"मग खोटं का बोललास?"

"मशीन बरं झालं म्हंजे..." तो पान्यालाच सांगत होता, "म्हंजे माझी बस. तुमी न्हाई दिसनार मग."

वाऱ्यावर काजूच्या मोहराचा वास आला. लाल धुळीने माखलेले त्याचे कान आणखी लाल झाले. मला रडू येत होतं आणि हसूही.

"माझ्यासाठी एवढं खोटं बोललास," मी म्हटलं, "आणि मागितलेस किती? आठच दिवस?"

त्याने झटकन वर पाहिलं.

"आयतवारी लाटंबार्सेला ये. बाबांकडे माग, आणि जन्मभराचं माग. मला तू हवा आहेस."

"आन् ते न्हाई म्हनले तर?"

"माझी सही चालते. आत्ताच पाहिलंस ना?"

तो हसला... त्या लांब पापण्यांसकट. मग मी शिकवलेल्या शब्दांतले दोन नीट जुळवून म्हणाला, "हांव येतां."

शनिवारची बस त्याच्याशिवायच गेली.