दुर्गच्या वाटेवरचा पंखा

बूढापारा मोहल्ल्यातल्या तलावाकाठच्या गल्लीतून निघतानाच देवश्रीच्या गाडीची काच आतून पांढरी झाली. जानेवारीची सकाळ, तलावावर धुकं... आणि हीटरचा पंखा मुका. ती ओढणीने काच पुसत होती, तेवढ्यात मागून स्कूटरचा हॉर्न वाजला.

"दीदी, जरा पुढे घेता का? ऑफिसला जायचं आहे, मी अडकून राहिलो."

"दीदी नका म्हणू. अन् दिसलं असतं तर घेतलीच असती पुढे."

तो समोरच्या घरातला आशय होता. दिवाळीपासून दोघं एकमेकांना गच्चीवरून पाहत होते, बोलणं आजचंच.

"पंखा कोणत्याच नंबरवर फिरत नाही?" त्याने स्कूटर बाजूला लावली. फ्यूज काढून पाहिला. शाबूत होता. मग डॅशबोर्डखाली डोकं घालून तो म्हणाला, "बटण चालू ठेवा," आणि पान्याने मोटरवर हलकेच ठोकलं.

घर्रर्र... धुळीचा भपकारा देवश्रीच्या तोंडावर आला. ती शिंकली, तो हसला.

"मोटरच्या आतले कार्बन ब्रश झिजले. नवीनच टाकावी लागेल. तोवर बंद पडली, की इथे ठोका. कुठे निघालात?"

"दुर्गला, मावशीकडे. मले पाहायला येणार आहेत."

"अच्छा..." तो पान्याकडे पाहत राहिला. "मग हा ठेवा जवळ."

एवढंच. आतापर्यंत तिला नाही म्हणायला कारण नव्हतं, म्हणून ती दुर्गला जायला हो म्हणाली होती.

वाटेतल्या कुम्हारी गावाच्या अलीकडे पंखा थांबला. तिने गाडी कडेला घेतली, पाना उचलला. काच हळूहळू पांढरी होत गेली. तिने पाना सीटवर ठेवला आणि मावशीला फोन लावला.

"मावशी, मी येत नाही."

"काहून? पाहुणे निघाले ना पोरी!"

"त्यांना माझ्याकडून माफी सांग. मी लग्नाला हो म्हणणार नाही, मग कशाला बसवायचं त्यांना?"

मावशी बरंच बोलली. देवश्रीने सगळं ऐकून घेतलं. मग खिडक्या उघड्या टाकून ती परत फिरली. घरी पोचली, तेव्हा गार वाऱ्याने तिचे कान लाल झाले होते.

आशय फाटकातच होता.

"बंद पडला?"

"हव."

"ठोकला नाही?"

"नाही."

"काहून?"

"फिरला असता, तर मी पोचले असते ना दुर्गला."

तो मानेवरून हात फिरवत, जमिनीकडे पाहत हळूच म्हणाला, "मी आज ऑफिसात गेलोच नाही... देवश्री."