पाच वर्षांचं लोन

किल्ली आत गेली, पण फिरेना.

मृणालिनीने ती बाहेर काढली, पदराने पुसली आणि पुन्हा घातली. तरी नाही. बाहेर एप्रिलचा पाऊस टपावर ताशा वाजवत होता. शाळेच्या कॅफेटेरियातून गाडीपर्यंत पळत येताना तिची साडी पोटऱ्यांपर्यंत भिजली होती. मांडीवर मंडळाच्या पाडव्याच्या जेवणातल्या उरलेल्या श्रीखंडाचा डबा होता. आणि आता ही गाडी अशी हटून बसलेली...

तेवढ्यात तिचं लक्ष शेजारच्या सीटकडे गेलं. तिथे एक जाडजूड पुस्तक पालथं ठेवलेलं होतं. ते तिचं नव्हतं.

काचेवर कुणीतरी टकटक केली. छत्रीखाली एक उंच, सडपातळ तरुण उभा होता. त्याच्या चष्म्यावर पावसाचे थेंब होते. तिने दार जरासं उघडलं.

"सॉरी... ही माझी गाडी आहे," तो म्हणाला. मग स्वतःलाच खात्री नसल्यासारखा, "बहुतेक."

मृणालिनीने मान वळवली. त्या रांगेत एकसारख्या सात-आठ सिल्व्हर कॅमरी उभ्या होत्या. तिची पलीकडून तिसरी.

"अय्या, सॉरी. अहो, सगळ्या सारख्याच दिसतात."

"हो. ती चूक माझीच आहे."

"तुमची?"

"म्हणजे... यातल्या बऱ्याचशा मीच घ्यायला लावल्यात. शैलजाकाकूंचं पातेलं डिकीत ठेवायला आलो होतो, लॉक करायला विसरलो."

"थांबा. तुम्ही चारुदत्त?"

मंडळातल्या शैलजाकाकूंकडून तिने हे नाव दोन वर्षं ऐकलं होतं. अमेरिकेतल्या या डब्लिनमध्ये कुणाही मराठी माणसाला गाडी घ्यायची झाली, की पहिला फोन चारुदत्तला जायचा. तो सोबत आला की डीलर हमखास भाव उतरवतो, अशी त्याची ख्याती होती. तो करतो काय, ते मात्र कुणालाच नीट सांगता येत नसे.

"मला तेव्हा निळी गाडी हवी होती," मृणालिनी म्हणाली. "जरा स्पोर्टी. शैलजाकाकूंनी तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही म्हणालात—"

"रिसेलला सिल्व्हर बरी."

"रिसेलला सिल्व्हर बरी. दोन वर्षं मी त्या गाडीत बसतेय. पार्क करून जाताना एकदासुद्धा तिच्याकडे वळून बघावंसं वाटलेलं नाही."

तो ओशाळून हसला. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की छत्री त्याने तिच्या दारावर धरली आहे आणि स्वतः उघड्या पावसात उभा आहे.

"आत या ना, भिजताय. तुमचीच गाडी आहे."

तो वळसा घालून आला, पुस्तक उचललं आणि स्वतःच्याच गाडीत पाहुण्यासारखा अंग चोरून बसला.

"आता मी ती निळी गाडी घेणार आहे," ती म्हणाली. "ॲक्युरा. रोज ऑफिसला जाताना शोरूमच्या काचेतून दिसते. तिथे सिग्नल लागला नाही तर मला चुकल्यासारखं होतं. शनिवारी याल सोबत?"

"येईन. पण मी 'नको' म्हणेन."

"म्हणा की. मी ऐकणार नाही."

"मग मी कशाला?"

"कुणीतरी नको म्हणायला असलं, की घ्यायला मजा येते," ती म्हणाली आणि पुन्हा पावसात उतरली. श्रीखंडाचा डबा त्याच्याच गाडीत राहिला.

शनिवारी तो डबा धुऊन घेऊन आला. डब्यात चार लाडू होते. वेडेवाकडे, पण घरी वळलेले.

शोरूममधला सेल्समन ड्वेन गुबगुबीत आणि हसरा होता. "टेक युअर टाइम, फोक्स," म्हणत त्याने किल्ली दिली. मृणालिनी सीटवर बसली. नव्या चामड्याचा वास. हाताला गच्च बसणारं स्टीअरिंग. बारीक लाल रेषांनी उजळलेले काटे...

"ही इथेच बनते, मॅरीसव्हिलला. म्हणजे आपल्या गावचीच म्हणायची," ती हळूच म्हणाली.

"हिला प्रीमियम गॅस लागतो, महागातलं पेट्रोल," चारुदत्त म्हणाला.

"झालं सुरू."

"इन्शुरन्स वाढेल. टायर महाग आहेत. बर्फात—"

तोवर गाडी हायवेच्या रॅम्पला लागली होती. मृणालिनीने पाय दाबला. इंजिनाचा आवाज खर्जातून वर चढत गेला, पाठ सीटला टेकली, आणि दोघं एका वळणात हायवेवर येऊन पोचले. चारुदत्तने वरचं हँडल घट्ट धरलं होतं. पुढचं बोलणं तो विसरला. आणि मग तो हसला. आधी ओठांत, मग मोठ्याने, शाळकरी मुलासारखा.

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही. मी गाड्यांबद्दल इतकं वाचलंय... हे कुठे लिहिलेलं नव्हतं."

त्यानंतर दोन शनिवार ते पुन्हा आले. गाडी पुन्हा बघायला, असं ती म्हणायची. दुसरा एखादा डीलर बघायला, असं तो म्हणायचा. बघून झालं की पलीकडच्या कॉफीच्या दुकानात तास न् तास बसायचे. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. ती नागपूरच्या उन्हाबद्दल सांगायची, तो सांगलीच्या नदीकाठाबद्दल. त्याचा हात टेबलावर तिच्या हाताजवळ यायचा आणि उगाच साखरेची पुडी उचलून परत जायचा.

तिसऱ्या शनिवारी तिने विचारलं, "एक सांग. परवडते मला?"

त्याने हिशेब केव्हाच केला होता. "परवडते. थोडी ओढाताण होईल. पाच वर्षांचं लोन घेतलंस तर जमेल."

"किती जड गेलं तुला हे बोलायला."

तो हसला. ती मात्र हसली नाही.

"चारुदत्त, कंपनी मला पुण्याला परत बोलावतेय. टीम लीड करतायत. पुढच्या सोमवारी उत्तर द्यायचंय."

त्याच्या हातातला चमचा थांबला.

"चार वर्षं झाली इथे येऊन," ती म्हणाली. "टेबल गाव सोडून जाणाऱ्या कुणाच्या तरी मूव्हिंग सेलमधून आणलं. सोफा तसाच. टीव्ही तसाच. जाताना विकता येईल ना, एवढंच बघत आले. घरात एकही अशी वस्तू नाही, की जी विकताना मला वाईट वाटेल. ही गाडी घेतली, तर मी राहते. नाही घेतली, तर माझ्याही मूव्हिंग सेलचा ईमेल टाकते सगळ्यांना. आई तिकडे, काम इकडे... माझं मलाच ठरत नाहीये. तू सांग. तुझा सल्ला कधीच चुकलेला नाही."

तो बराच वेळ कॉफी ढवळत राहिला. कॉफीत साखर घालायची राहिली होती.

"विचार करून सांगतो," तो शेवटी म्हणाला.

तिला वेगळं काहीतरी ऐकायचं होतं. काय, ते तिने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी पाऊस पुन्हा होता. शोरूमच्या काचांवरून पाणी वाहत होतं आणि आतल्या पांढऱ्या उजेडात ती निळी गाडी ओल्यासारखी चमकत होती. ड्वेनने कागद टेबलावर ठेवले, ते फिरवून आकडा दाखवला आणि दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

मृणालिनी चारुदत्तकडे बघत होती. चारुदत्त टेबलाकडे.

"बोल ना," ती मराठीत म्हणाली.

तो बोलेना. अर्धं मिनिट गेलं असेल. ड्वेन खाकरला, "मॅनेजरशी बोलून येतो" म्हणाला आणि उठला. परत आला तेव्हा आकडा खाली आला होता.

"अरे, तो कमी करतोय. आता तरी सांग. घेऊ का?"

"मला नाही सांगता येणार."

"का? गाडीत खोट आहे काही?"

"गाडीत नाही."

तो पुन्हा गप्प. ड्वेनने कपाळ पुसलं. फ्लोअर मॅट फुकट देतो म्हणाला.

"मृणाल," चारुदत्त खालच्या आवाजात म्हणाला, "या वेळी माझा सल्ला घेऊ नकोस. त्यात माझा स्वार्थ आहे."

"स्वार्थ कसला? कमिशन खातोस की काय?"

कमिशन हा शब्द ड्वेनला कळला. त्याने दोन्ही हात वर केले. या सौद्यात मला जवळजवळ काहीच सुटत नाही, असं तो अगदी काकुळतीला येऊन सांगू लागला. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"लोन पाच वर्षांचं आहे," चारुदत्त म्हणाला. "गाडी घेतलीस, तर तू पाच वर्षं इथे राहशील. मला... ते हवंय. आठवडाभर मी विचार करतोय. दर वेळी उत्तर येतं, 'घे'. पण हे उत्तर तुझ्या भल्याचं आहे की माझ्या, तेच मला समजत नाही. तिकडे तुझी आई आहे. काम चांगलं आहे. तिसऱ्या कुणाला विचारलंस, तर तो कदाचित जा म्हणेल."

एवढं सलग तो आजवर बोलला नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. मृणालिनीला वाटलं, आपले गालही तसेच झाले असणार.

"तिसऱ्या कुणाला मी विचारलेलंच नाही," ती म्हणाली. मग आवाज जरा सावरून, "तू दर वेळी असाच भाव पाडतोस? नुसता गप्प बसून?"

"मला बार्गेन करता येत नाही गं. काय बोलावं तेच सुचत नाही. ते लोक आपणहून कमी करतात."

ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने पुसलं नाही.

"सल्ला राहू दे," ती म्हणाली. "तुला काय हवंय, ते एकदा सरळ सांग. मग माझं मी ठरवते."

"तू..." तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला सुचलं नाही.

पावसाचा आवाज तेवढा येत होता. मृणालिनीने त्या वाक्याची थोडा वेळ वाट पाहिली. मग तिच्या लक्षात आलं, की ते पूर्ण झालेलं आहे.

ती ड्वेनकडे वळली. "निळी," ती म्हणाली. "पाच वर्षांसाठी."

ड्वेनने सुटकेचा निःश्वास टाकला आणि आधी चारुदत्तचा हात हातात घेतला. "सर, तुमच्याइतका कठीण माणूस मी पाहिला नाही," तो म्हणाला. कठीण माणसाने मान खाली घातली.

कागद झाले, सह्या झाल्या. दोघं बाहेर आले तेव्हा पाऊस ओसरला होता. मृणालिनी नव्या सीटवर बसली. पुण्याला नकार कळवायचा होता. आईलाही फोन करायचा होता. आई आधी गाडीचा रंग विचारेल, आणि मग, काहीतरी ओळखून, शेजारी कोण बसलंय तेही विचारेल. त्याचं उत्तर आता देता येणार होतं.

चारुदत्त अजून दाराशीच उभा होता.

"बस ना," ती म्हणाली.

"कुठे जायचंय?"

"ठरवलेलं नाही."

तो बसला. त्याने सीटबेल्ट लावला, चष्मा काढून पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. मग त्याचा हात तिच्या हाताकडे आला... आणि या खेपेला तिथेच थांबला.

तिने गाडी सुरू केली, पण गिअर टाकला नाही. घाई कसलीच नव्हती.