धन्याचा ठिपका

"आज कधी मरायचंय?" पेइलानने नवऱ्याला विचारलं.

"जेवणाआधी," रोंगशेंग म्हणाला. "भरल्या पोटी मेलो की मी घोरतो."

रोंगशेंग जन्मभर सिनेमांत मरत आला होता. डोंगराच्या कुशीतल्या त्या सिनेनगरीत सम्राटांचे महाल प्लास्टरचे, पण मढी जिवंत माणसांची, आणि निपचित पडून राहण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. या मोठ्या ऐतिहासिक सिनेमात मात्र त्याचं नशीब उघडलं होतं. मरण्याआधी, तोंड कॅमेऱ्याकडे करून, त्याला चक्क एक वाक्य बोलायचं होतं. घरी भात निवेपर्यंत तो ते म्हणून दाखवायचा.

पेइलान त्याच सिनेमात अक्षरं लिहायची. फर्मानं, दुकानांचे फलक, आणि सध्या कत्तल झालेल्या श्यांग घराण्याच्या पूर्वजांच्या पाट्या. उंच लाकडी दालनात पायऱ्यापायऱ्यांनी छतापर्यंत पाट्या रचल्या होत्या. प्रत्येकीवर एक नाव, आणि शेवटी एक शब्द: धनी. त्या शब्दाच्या चिनी अक्षराच्या डोक्यावरचा ठिपका तेवढा तिने दिला नव्हता. सिनेमावाले कोणीच देत नाहीत. माणूस गेला की कोणीतरी जाणतं लाल रंगाने तो ठिपका देतं, मग गेलेला येऊन पाटीत बसतो. तोवर ते नुसतं लाकूड.

दिग्दर्शक च्यू कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोळे ताणून बसला होता. त्याने पेइलानला हाक मारली. "शू मास्तर, हे 'धनी' आहे की 'राजा'?"

"ठिपक्याविना 'राजा' दिसतं, साहेब. तसंच ठेवतात."

"म्हणजे एका घराण्यात तीनशे राजे? अहो, हल्ली लोक चित्र थांबवून थांबवून चुका काढतात. माझी अब्रू जाईल."

"देऊ नये, साहेब. कोणीतरी येऊन बसतं."

"कोण येणार? नावं तुम्हीच रचलीत ना? यातलं कोणी जन्माला तरी आलं होतं का?"

नाही म्हणावं, तर तिच्या कामाबरोबर रोंगशेंगचं ते वाक्यही जायचं. खोट्या माणसांना कुठला आलाय जीव, अशी मनाची समजूत घालत तिने लाल रंग खलला आणि ठिपके दिले.

दुसऱ्या दिवशी हजेरीला तान कुई ओ देईना. गर्दीतल्या नटांमधला हा सगळ्यांत वात्रट गडी.

"तान कुई! कानात बोळे घातलेस का रे?"

"मी श्यांग देमाओ," तो शांतपणे म्हणाला.

सगळे खो खो हसले. "भूमिका अंगात शिरली याच्या!" पेइलानने मात्र दालनातल्या पाट्यांकडे वर पाहिलं. ते नाव कथेत नव्हतंच. तिने मनानेच रचून पार वरच्या पायरीवर लिहिलं होतं, खालून कोणाला वाचताही येत नव्हतं.

दुपारी जेवणाचे डबे आले. एरवी डब्यांवर उड्या पडायच्या. त्या दिवशी गर्दीतली माणसं न सांगता ओळीने बसली. तान कुई सगळ्यांच्या पुढे, आणि साठीचे लोक त्याच्यामागे माना खाली घालून. तो जेवल्याशिवाय कोणी घास घेतला नाही.

मग रोंगशेंगचं दृश्य आलं. "दार उघडा, मी घरी आलोय," तो म्हणाला. छान म्हणाला. आणि पुढेही बोलत राहिला. तुतीच्या झाडांना पाणी घातलं का, आत कोणाचं लेकरू रडतंय, म्हातारीला उठवू नका.

"चालू द्या, चालू द्या," दिग्दर्शक खूश झाला.

दृश्य संपलं तरी रोंगशेंग थांबेना.

"रोंगशेंग," पेइलानने हाक मारली. तो वळला नाही. "अरे ए, रोंगशेंग! माझ्याकडे बघ ना!"

आपण रचलेली नावं ती एकेक करून पुटपुटू लागली. 'बोयुआन' म्हणताच तो वळला.

"कोण आपण?" त्याने विचारलं.

संध्याकाळी शेवटच्या दृश्यासाठी दालन जाळायचं होतं. बोयुआनची पाटी शोधून ती सुरीने ठिपका खरवडू लागली. जितकं खरवडावं तितका लाल रंग आत आत निघत गेला.

"साहेब, आग लावू नका! माणसं आहेत यात!"

"लाकूड आहे, मास्तर. बाजूला व्हा."

तिने पाटी कोटाखाली दडवली आणि बाहेर धाव घेतली. माझा तेवढा वाचू दे, एवढंच तिच्या मनात होतं.

आग लागली.

गर्दीतले सगळे दालनासमोर गुडघे टेकून बसले होते. त्यांना तसं कोणी सांगितलं नव्हतं.

वरची पायरी पेटली, तसा तान कुई डोळे चोळत उठला. "आयला, गुडघे गेले माझे! जेवण आलं का रे?"

मग दुसरा उठला. मग तिसरा. पाट्या जळत गेल्या, तशी माणसं उठत गेली, एकमेकांना हाका मारत, आपापल्या नावांनी.

रोंगशेंग एकटाच गुडघ्यांवर राहिला.

पेइलानला कळलं: पाटी जळली की माणूस सुटत होता, आणि त्याची पाटी तिच्या कोटाखाली होती. देवा, काय केलं मी हे! ती आगीकडे धावली, पाटी डोक्यावर उचलली, आणि तिचं मनगट कोणीतरी धरलं. बोटं रोंगशेंगचीच, पण गार होती.

"नका, बाई," तो अदबीने म्हणाला. "आमच्या घरातला मी एकटाच उरलोय."

"माझा नवरा दे!"

त्याने मनगट सोडलं नाही. तेवढ्यात बंबांनी पाणी सोडलं. आग चरचरत विझली, काळा धूर तेवढा उरला.

घरी चूल आहे. घरी जाळीन, तिने स्वतःला बजावलं, आणि पाटी छातीशी घट्ट धरली.

लाकूड उबदार होतं. आगीची ऊब नव्हती ती. लग्न झाल्यापासून रोज रात्री रोंगशेंगच्या त्याच उबेला पाठ लावून ती झोपत आली होती.