ताशी चार किलोमीटर

सतरा फेब्रुवारी की अठरा, याची मला आता खात्री देता येत नाही. शनिवार होता आणि रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, एवढं माझ्या आतेभावाने दोनदा सांगितलं होतं. बाकी माझ्या आठवणीवर किती विसंबायचं ते तुम्ही ठरवा, पोरांनो.

आतेभाऊ खिडक्यांच्या काचा विकायचा. त्या संध्याकाळी एका शाळेत चार काचा बसवून तो भाड्याच्या टेम्पोने घरी आला, हातपाय धुऊन जेवला. भाड्याच्या, कारण त्याची स्वतःची पिकअप सहा महिन्यांपूर्वी चोरीला गेली होती. कोरी गाडी, जेमतेम चार महिन्यांची. चावी घरात खुंटीवर आणि गाडी दारातून गायब! गॅरेजवाल्यांच्या सोयीसाठी स्टिअरिंगखाली एक जोडणी असते. चोराने तिथे यंत्र लावलं आणि दोन मिनिटांत नवी चावी तयार केली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय.

पण भावाने गाडीत एक डबी बसवून घेतली होती. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, ते फोनवर दिसायचं. लाल बटण दाबलं की इंजिन बंद. चोरीच्या रात्री त्याने ते दाबलं. गाडी तेव्हा घाटाच्या उतारावर होती. चालत्या गाडीचं इंजिन मेलं की ब्रेक दगडासारखा होतो. चोर विशीतला होता. गाडीसकट दरीत गेला.

पोलिसांना भावाने सांगितलं, गाडी उभी दिसली म्हणून दाबलं. कुणी खोदून विचारलं नाही. चोरच तो. वहिनी मात्र म्हणायची, मेला ह्यांची झोप घेऊन गेला.

तर त्या शनिवारी फोन वाजला. नकाशावर ठिपका उमटला होता. घाटातून हलत होता. वेग, चार.

"ॲप हँग झालं असेल, आजोबा."

मीही त्याला हेच म्हणालो होतो, बाळा. शिकलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण त्याने कंपनीला फोन केला होता. रात्रपाळीचा मुलगा म्हणाला, "काका, तुमची डबी सहा महिने बंद आहे. तुम्हाला दिसतंय तरी काय?"

भावाने फोन ठेवला.

ताशी चार. म्हणजे चालणारा माणूस. घाट घरापासून अठरा किलोमीटर. त्याने मनात गणित केलं. पहाटे तीन चाळीस.

वहिनी शेजारी घोरत होती. त्याने तिला उठवलं नाही. उठवलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. पाणी प्यायला. कडी तपासली. पुन्हा तपासली. एक वाजता ठिपका पेट्रोल पंपाशी. अडीचला पुलावर. तीन वीसला लाकडाच्या वखारीशी... मग गल्लीत.

त्याने दिवा मालवला.

ठिपका दाराशी आला. वेग, शून्य.

लाल बटण समोर होतं. अंगठा त्यावर गेला... थांबला.

बाहेर पाऊल नाही. श्वास नाही. फक्त... कुणीतरी उभं आहे, एवढंच.

मग भाऊच बोलला. बंद दाराशी.

"बासष्ट. गाडी उभी नव्हती. बासष्टचा वेग होता. मला दिसत होता."

...

ठिपका विझला.

सकाळी वहिनीने दार उघडलं. पायरीवर ब्रेकच्या पेडलाचं रबर पडलं होतं. मधोमध झिजून आरपार भोक पडलेलं. वर्षानुवर्षं कुणीतरी जीव खाऊन दाबत असावं तसं.

भाऊ त्याच दिवशी पोलिसांत जाऊन खरा जबाब देऊन आला. त्यानंतर त्याला झोप लागू लागली. माझी मात्र गेली. ते रबर मी हातात घेतलंय. तरी वाटायचं, कुणी चेष्टा केली असेल, किंवा मीच काहीतरी वाढवून सांगत असेन.

सहा वर्षांनी एका ओळखीच्या वकिलाकडे मला त्या प्रकरणाचे कागद बघायला मिळाले. गाडीचा सांगाडा त्या रात्रीच्या आधीच, जानेवारीत, भंगारात दाबून टाकला होता. अपघाताच्या सकाळचा एक फोटोही होता, आतल्या पेडलांचा. ब्रेकवरचं रबर जागच्या जागी होतं. त्याची नक्षीसुद्धा कोरी होती.