बाबांच्या पोटातला आवाज

"यांचं झालं का हो?" पडद्याआडून एक मान पुढे आली.

ओळख ना पाळख, आणि प्रश्न हा. पण ऑपरेशनच्या वॉर्डात सगळे एकमेकांना हेच विचारतात. बाबांचं आतड्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते, पोट फुगून टम्म, आणि वारा काही सरत नव्हता. रोज डॉक्टर पोटाला स्टेथोस्कोप लावायचे आणि मान हलवायचे.

"नाही," मी म्हणाले.

"आमच्या आत्याचं काल झालं. अख्ख्या वॉर्डाला सांगून आली." मानेपाठोपाठ खांदे आले, मग संत्र्यांची पिशवी. "डॉक्टर सारखे पेरिस्टाल्सिस, पेरिस्टाल्सिस करतात. म्हणजे काय?"

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. कितीही घाबरलेली असले तरी प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. "क्रमसंकोच. चालण्या-पळण्याला हा शब्द नाही. हा फक्त नळीसारख्या अवयवांचा... अन्ननलिका, आतडं. घासाच्या मागे नळी आवळते, पुढे सैल होते, घास सरकतो."

"आणि हे करवतं कोण?"

"कोणी नाही. आपलं आपण होतं, हुकमावर होत नाही. आणि ऑपरेशननंतर कधीकधी बंदच पडतं. वारा सरला की समजायचं, पुन्हा सुरू झालं."

त्याने हळूच एक संत्रं पुढे केलं. "दाखवा की, बाई."

बाबांसाठी आणलेला लांब पांढरा पायमोजा कपाटात होता. त्यात संत्रं टाकलं. दुसरं टोक त्याने धरलं. मी मागून आवळत गेले, संत्रं त्याच्याकडे सरकत गेलं... आणि माझी बोटं त्याच्या मुठीला लागली. हात काढायची घाई दोघांनीही केली नाही.

"अहो, ही तर आयसिंगची पिशवी," तो म्हणाला. तो केक सजवायचा. "रोज हेच करतो, नाव तेवढं माहीत नव्हतं."

किती दिवसांनी मी हसले. बाबा मात्र डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून पडले होते. त्यांना दुखत असणार, या विचाराने माझं हसू विरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पोट ऐकलं. "काहीतरी पुसटसं येतंय, पण भरवसा नाही. काका, वारा सरला?"

केकवाला शेजारी आत्याचं सामान भरत होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग छताकडे. "नाही."

"मग दुपारपर्यंत बघू. नाहीतर पुन्हा उघडावं लागेल."

बाबांचं हृदय नाजूक, दुसऱ्यांदा भूल सोसेल याची खात्री नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. सही करण्याआधी संमतीपत्र मी तीनदा वाचलं. आई केव्हाच गेली. आता बाबाही गेले तर 'जेवलीस का' असं विचारणारं मला कोण उरणार होतं?

दुपारी स्ट्रेचर आलं. पाठोपाठ तोही आला.

"आत्या घरी गेल्या ना? मग तुम्ही...?"

"संत्रं राहिलं होतं," तो म्हणाला. त्याला धड खोटंही बोलता येत नव्हतं.

बाबांनी डोळे उघडले. "बाळ, तू जरा बाहेर जा. मला याच्याशी बोलायचंय."

निरवानिरवीची भाषा ही. बाहेर भिंतीला टेकून मी उभी राहिले.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद होता. "बाई... तुमच्या बाबांचं कालच झालंय."

"काय?"

"आपण संत्रं सरकवत होतो तेव्हा. स्ट्रेचर बघून आत्ता मला सांगितलं, तुम्ही रागवाल म्हणून. म्हणाले, मुलगी इतक्या दिवसांनी हसत होती, मुलगा बरा दिसत होता... स्थळासमोर असलं कसं कबूल करायचं?"

मी धावतच डॉक्टरांना गाठलं. त्यांनी पुन्हा ऐकलं आणि स्टेथोस्कोप माझ्या कानांना लावला. गुडगुड, गुडगुड. मी रडायलाच लागले.

"बाबा, जीव गेला असता."

"इभ्रत गेली असती," बाबा म्हणाले.

स्ट्रेचर रिकामं परत गेलं. तो दाराशी घुटमळत होता. "काका विचारत होते... उद्या येणार का म्हणून."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, बाईंना विचारून सांगतो."

मी संत्रं सोललं, अर्धं त्याच्या हातावर ठेवलं. भीती अजून पुरती गेली नव्हती, पण तिच्या शेजारी आता दुसरंही काही धडधडत होतं.

"या," मी म्हणाले. "पण खुर्ची जरा लांब घ्या. बाबांना मोकळं वाटू दे."